पोतं सोडून पाठीवर

मी चाबूक बोलतोय. दचकू नका. माझे दोन तुकडे झालेत. आता मला माशीसुद्धा हाकलता यायची नाही.

एका खोगीर बनवणाऱ्याने वेताच्या काठीवर चामड्याच्या वाद्या विणून मला घडवलं. पहिला मालक जॉकी. शर्यतीच्या शेवटच्या वळणावर तो मला घोड्यावर असा ओढायचा की कातडीवर वळ उठायचे. घोडा जिंकला की लोक जॉकीला डोक्यावर घेत. मला त्या लोकांचा फार राग यायचा, पण चाबकाच्या रागाला कोण विचारतो?

पुढे तो घोड्यावरून पडला, कंबर मोडली, आणि मी एका टीव्ही मालिकेच्या सामानाच्या पेटीत आलो. मालिका होती जॉकी होऊ पाहणाऱ्या मुलीची. तिचा बापच तिला शिकवणारा, आणि चुकली की तबेल्यात चाबकाने फोडून काढणारा. मुलीचं काम करणारी पोर हडकुळी. सगळे तिला 'चिमणी' म्हणत. बापाचं काम करणारे नट मात्र मुंगीलाही न दुखावणारे. ती त्यांना काका म्हणे, म्हणून मीही म्हणतो.

मारायची रीत अशी: चिमणीच्या शेजारी, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, भुशाचं पोतं ठेवायचं. काकांनी मला पोत्यावर हाणायचं, त्याच क्षणी चिमणीने किंचाळायचं. कितीतरी भाग असेच निघाले. पोत्याची पार चाळण झाली.

एके दिवशी दिग्दर्शकाने कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेला. त्याबरोबर पोतं आणि पोर यांच्याही जागा बदलल्या. पण काकांचा हात पडला सवयीचा गुलाम. मी सपकन गेलो तो तिच्या पाठीवर. सदरा फाटला, रक्त आलं. ती अशी ओरडली की मागचे घोडे खूर आपटू लागले.

"वा! याला म्हणतात शॉट!" दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "आता हाच जवळून घेऊ. पोतं काढा."

"डोकं फिरलंय का तुमचं? पोरीला रक्त येतंय!" काकांनी मला फेकून दिलं.

चिमणीची आई पुढे आली. मला वाटलं, आता ही लेकीला उचलून घरी नेणार.

"इतकं काही लागलेलं नाही हो," ती म्हणाली. "करेल ती. हे काम गेलं तर पुन्हा कोण विचारणार आहे तिला?"

चिमणी आईकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, तुम्हीच मारा. दुसऱ्या कुणाला नका देऊ."

काकांनी मला उचललं. मी हादरलो. पण ते वळले दिग्दर्शकाकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून पडलो. खांद्यावर, हातांवर, तोंडावर. त्याचा गाल फाटला. तिघांनी धरलं तरी काका थांबेनात. शेवटी खुर्चीवर आपटून मी मधोमध मोडलो.

काकांना काढून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आता नवा बाप आलाय, जड हाताचा, आणि नवा चाबूकही. मी पेटीत पडल्या पडल्या ऐकतो. पोत्यावरचा आवाज मला ओळखता येतो. हा तो नाही.

तुमच्या घरीही ती मालिका लागत असेल. पोर किंचाळली की, "काय काम करते हो एवढीशी मुलगी!" असं कौतुकाने म्हणत असाल. जोडायला मला हात नाहीत, पण एवढं ऐका: ते कौतुक थांबवा. तुम्ही वाहवा केलीत की दुसऱ्या दिवशी तिला परत तबेल्यात उभी करतात.