तिसरी डिस्क

नणंदेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे वहिनीचं मशीन रखडायला लागलं तेव्हा रविवारी दुपारी तीच पेचकस घेऊन आली. वहिनी घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची. मशीन आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत होतं. पक्षाघातानंतर आईंची वाचा गेली होती. त्या दिवसभर खिडकीशी बसून असत, ओठ तेवढे हलत. ती नुसती सवय आहे, असं डॉक्टर म्हणाले होते.

नणंदेने जुनी हार्डडिस्क तशीच ठेवून शेजारी नवी एसएसडी बसवली. तरी मशीनला म्हणावा तसा वेग येईना.

"अगं, नवी डिस्क आणलीस, पण मशीन तिच्याशी जुन्या आयडीई पद्धतीनंच बोलतंय," ती सेटिंग उघडून म्हणाली. "एएचसीआय ही नवी पद्धत लावते. दोन्ही डिस्कना चालेल."

"माझे नकाशे उडणार नाहीत ना, ताई?"

"उडाले तर दादाला सांगू, वाऱ्याने नेले."

सेफ मोडची खटपट करून तिने बदल केला आणि मशीन पळायला लागलं. वहिनी एकदम खूश. पण यादीत डिस्क तीन दिसत होत्या.

नणंदेने मशीन बंद करून झाकण काढलं. केबल दोनच होत्या. तिसरी डिस्क ज्या पोर्टवर दिसत होती, तिथे काही जोडलेलंच नव्हतं.

"बोर्ड म्हातारा झालाय," ती पुटपुटली.

पुन्हा सुरू केलं तरी तिसरी होतीच. तिच्यातली मोकळी जागा डोळ्यांदेखत कमी होत होती. मध्येच थांबायची, पुन्हा घटायची. वहिनीने सहज मागे पाहिलं आणि नणंदेचा हात घट्ट धरला. आईंचे ओठ हलत, तेव्हाच जागा घटत होती.

डिस्कवर सगळ्या आवाजाच्या फाइली. नणंदेने शेवटची लावली.

"बैस ना. उभी का अशी?" मग बराच वेळ शांतता. "हो, येते म्हटलं ना." पुन्हा शांतता. "छे, आज कसं? दोघी घरात आहेत."

नणंदेचे डोळे भरून आले. "वहिनी, आईचा आवाज!"

"पण त्या बोलताहेत कुणाशी?"

नणंद आईंपुढे जाऊन बसली. "आई, कोण आलंय गं?"

आई हसल्या. त्यांनी वहिनीच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. वहिनी एका ढांगेत दाराबाहेर.

"ताई, आधी ते होतं तसं करा!"

"थांब ना जरा. किती दिवसांनी ऐकतेय मी तिला."

"तुम्ही संध्याकाळी घरी जाल. मला इथेच बसून काम करायचंय!"

तेवढ्यात नवी फाइल आली. नणंदेने ती लावली.

"सून घाबरली बघ. तू जरा लांब हो तिच्यापासून."

मग मात्र नणंदेने आयडीई परत लावलं. तिसरी डिस्क गेली.

आता मशीन हळू चालतं, वहिनी तक्रार करत नाही. नणंद अधूनमधून येते, आईंचा हात धरून बसते, घरच्या गोष्टी सांगते. बोलता बोलता आई मान कलती करून मोकळ्या जागेकडे कान देऊ लागल्या, की ती गप्प होते. त्यांचे ओठ पुन्हा हलेपर्यंत वाट पाहते.