खोक्यावरचे दहा इंच

बाजारात आजोबांना सगळे 'उभं माप' म्हणत. पंचेचाळीस वर्षं ते बूट बनवत होते आणि या पंचेचाळीस वर्षांत बसलेल्या माणसाच्या पायाचं माप त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. बसलेला पाय खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याने अनवाणी कागदावर उभं राहायचं, पूर्ण भार टाकायचा, समोरच्या भिंतीकडे बघायचं, आणि आजोबा गुडघे टेकून त्याच्या पायाभोवती पेन्सिल फिरवणार. एकदा बँकेचे मोठे साहेब म्हणाले, घाई आहे, आठ नंबर द्या. आजोबांनी त्यांना शेजारच्या दुकानाचा दरवाजा दाखवला आणि तो आत ढकलून उघडतो हेही सांगितलं.

त्यांची नात आठ वर्षांची. तिला घरात भिंगरी म्हणत. तिचा डावा पाय जन्मापासून दोन सेंटीमीटर आखूड होता, म्हणून आजोबा तिच्या डाव्या बुटाचा तळ दोन सेंटीमीटर जाड ठेवत. ते म्हणत, पायाला काही झालेलं नाही, जमीनच तिथे जरा खाली गेलीय, आपण ती वर आणायची. दर सहा महिन्यांनी नवा जोड होई, आणि भिंगरी घरभर फिरत राही.

मग जावयांची बदली झाली, आणि नात दिवसभराच्या बसप्रवासाइतकी लांब गेली. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी लेकीचा फोन आला. बूट बोटांना लागतायत. आणि महिन्याभराने शाळेच्या खेळांचा दिवस आहे, त्यात मैदानाच्या फेरीत सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन चालायला भिंगरीची निवड झालीय. जुन्या शाळेत गेल्या वर्षी तिला पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं काम दिलं होतं. ते तिने चोख केलं होतं. एकही बाटली हरवली नाही. पण त्याबद्दल ती घरी कधी बोलली नव्हती.

आजोबांनी तिथे जाऊन माप घ्यायचं तर दुकान तीन दिवस बंद. तेव्हा त्यांच्या मनात आलं, समोरासमोर दिसेल असं काहीतरी घ्यावं. लेकीचा फोन बटणांचा, त्यांचाही तसाच. बस थांब्याबाहेर एक हातगाडीवाला टॅब विकत होता, मोठ्या दुकानातल्या किमतीच्या आठव्या हिश्शात. खोक्यावर एका फळाचं चित्र होतं. फळ दोन्ही बाजूंनी खाल्लेलं होतं.

आजोबा चामडं घेताना ते वाकवत, वास घेत, उन्हात धरत, आणि व्यापाऱ्याने मोजून दिलेलं पुन्हा आपल्या पितळी पट्टीने मोजत. टॅबचाही त्यांनी वास घेतला. प्लॅस्टिकचा येत होता. चांगल्या टॅबला कसला वास येतो हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी तो मान्य केला.

"केवढा आहे हा?" त्यांनी विचारलं.

"दहा इंच. खोक्यावर छापलंय ना, काका."

छापलं होतं खरं. आजोबांनी दोन घेतले, एक स्वतःला आणि एक लेकीला. बिल मागितलं तर गाडीवाला म्हणाला, मी रोज इथेच असतो. दुसऱ्या दिवशी तिथे पेरू विकणारी एक बाई होती. तीही म्हणाली, मी रोज इथेच असते.

लेकीचा टॅब पोचला. पहिल्या दिवशी तिचा चेहरा चौकटी-चौकटींनी दिसला. आधी कपाळ, बऱ्याच वेळाने हनुवटी. आवाज चेहऱ्याच्या मागून चालत येई. टॅबमध्ये 'पट्टी' नावाची एक सोय होती. ती उघडली की काचेच्या कडेने सेंटीमीटरच्या रेघा उमटत. आजोबांना ती फार आवडली. यंत्राला माप कळतं म्हटल्यावर त्यांच्या मनात त्याच्याविषयी आपुलकी निर्माण झाली. चूक झाली ती तिथेच.

त्यांनी ठरवलं की काचेवरच पाय ठेवायचा आणि आकडा वाचायचा. लेकीने टॅब फरशीवर ठेवला, भिंगरीला त्यावर एक पाय अलगद टेकवायला लावलं, आणि बटणांच्या फोनवरून कळवलं. आजोबा म्हणाले, अलगद नाही. पूर्ण भार.

"बाबा, काच आहे ती."

"असू दे. अलगद पायाचं माप मी घेत नाही."

मग भिंगरी टॅबवर उभी राहिली, पूर्ण भार टाकून, भिंतीकडे बघत. काच फुटली नाही, कारण ती काच नव्हती. अंगठ्याखाली तीन जाहिराती उघडल्या आणि एक गाणं सुरू झालं. गाणं चालू असतानाच लेकीने टाचेपासून अंगठ्यापर्यंत आकडा वाचला. साडेवीस.

आजोबांनी वहीत बघितलं. मागचं माप साडेअठरा होतं. पाच महिन्यांत दोन सेंटीमीटर. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, परत कानावर ठेवली. लेकीला विचारलं, जेवते का नीट? लेक म्हणाली, ताटात काही ठेवत नाही. मग वाढला असेल पाय, असं म्हणून त्यांनी साडेवीस लिहिलं. गिऱ्हाइकाने तोंडी सांगितलेलं माप त्यांनी आयुष्यात कधी लिहून घेतलं नव्हतं. पण हे गिऱ्हाइकाने नाही, यंत्राने सांगितलं होतं.

बूट झाले, आणि ते आजवरच्या सगळ्या जोडांहून देखणे होते. ते पोचले तेव्हा खेळांच्या दिवसाला आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. बूट मोठे होतात. बोटांपाशी कापूस भरला तरी टाच निघते. साधा बूट सैल असला तर फटफट वाजतो, एवढंच. पण जाड तळाचा बूट सैल असला तर घोटा मुरगळतो. भिंगरी शाळेच्या पायऱ्यांवर पडली होती. गुडघा सोलवटला, फार काही नाही. तरी बाईंनी प्रेमाने सांगितलं होतं की झेंडा दुसऱ्या कुणाला देऊ, तू यंदा बाटल्यांपाशी बस, तिथे सावलीही आहे.

आजोबांनी विचारलं, ती रडतेय का?

"नाही. कंपासपेटी काढून बसलीय."

मग फोनवर भिंगरीच आली. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, तिला फक्त राग आला होता. तिने शाळेची पट्टी काढून टॅबच्या पट्टीवर ठेवली होती.

"आजोबा, याचे दहा म्हणजे माझे सव्वानऊ."

"तुझी पट्टी तुटलेली असेल."

"मी वर्गातल्या तिघांच्या आणून बघितल्या. तुम्ही तुमची बघा."

आजोबांनी पितळी पट्टी उचलली आणि आपल्या टॅबवर ठेवली. दहाची रेघ सव्वानवावर होती. मग त्यांनी पडदा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजला. सव्वानऊ इंच. खोकं शोधून काढलं. खोक्यावर दहा होते. यंत्राने आपली उंची खोक्यावर वाचली होती आणि तिच्यावरून जगाच्या रेघा आखल्या होत्या. आजोबांनी खोकं पालथं घातलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी त्याचं माप घेतलंच नाही."

"माझं मात्र उभं राहून घेतलं," भिंगरी म्हणाली.

आजोबांनी वही पुढे ओढली. त्यांनी दोघींना फोनवरून काम शिकवलं. कोरा कागद फरशीवर चिकटवा. भिंगरी, भिंतीकडे बघ, खाली अजिबात बघायचं नाही. लेकी, पेन्सिल उभी धर, तिरकी झाली की पाय बारीक होतो. दोन्ही पाय काढा. कागदाची घडी घालू नका, गुंडाळी करा. रात्री सुटणाऱ्या बसच्या चालकाकडे ती गुंडाळी दिली गेली, आणि सकाळी आजोबा थांब्यावर हजर होते. पितळी पट्टी लावली. एकोणीस. वहीतल्या साडेवीसवर त्यांनी काट मारली नाही, शेजारी फक्त 'खोक्याचं माप' असं लिहिलं.

त्याच दिवशी त्यांचा टॅब टेबलावर नीट बसेना, डुगडुगू लागला. मोजला तर महिन्याभरात मधली जाडी कडेपेक्षा सहा मिलिमीटरने वाढलेली. ते तो घेऊन मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो टॅबला हात न लावता दोन पावलं मागे सरकला. बॅटरी फुगलीय, म्हणाला, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, घरात ठेवू नका. आणि वाळूची बादली घेऊन आला. आजोबांनी लेकीला फोन करून तिकडचा टॅबही तसाच बाहेर काढायला लावला. तिचा अजून सपाट होता, पण आजोबा म्हणाले, तोही वाढेल. टॅबमध्ये काम कुठल्या कारागिराचं आहे, त्यांनी दुरुस्तीवाल्याला विचारलं. त्याने सांगितलं, कुणाचंच नाही, म्हणून तर स्वस्त. हे त्यांना पटलं.

चार दिवसांत नवा जोड तयार झाला. तो त्यांनी पाठवला नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दुकानावर 'तीन दिवस बंद' अशी पाटी लावली आणि बूट मांडीवर ठेवून दिवसभर बसमध्ये बसले.

खेळांच्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला त्यांनी भिंगरीला बूट घातले, नाड्या बांधल्या, तिला उभं केलं, आणि गुडघे टेकून टाचेमागे करंगळी घालून पाहिली. गेली नाही. मग तिला दहा पावलं चालायला लावलं, वळून यायला लावलं, पायरीवर चढवून उतरवलं. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. आजोबा उठले आणि म्हणाले, "बाई, त्या दिवशी पडली ती तिची चूक नव्हती. माझी होती. आज बघा तुम्हीच."

बाईंनी पुन्हा एकदा तिला पायरीवर चढून उतरायला सांगितलं. मग झेंडा आणायला गेल्या. जाता जाता म्हणाल्या, आता बाटल्यांपाशी कुणी नाही, तुम्ही बसता का?

आजोबा बसले. सावली होती. तिथून अख्खं मैदान दिसत होतं, फक्त समोर मुलांची गर्दी असल्यामुळे भिंगरी दिसत नव्हती. झेंडा मात्र दिसत होता. आजोबांनी फेरीभर झेंड्याच्या काठीचं टोक बघितलं. ते मागच्या भिंतीच्या कठड्याला धरून पुढे सरकत होतं, एका रेषेत. कुठे खाली गेलं नाही, कुठे वर आलं नाही.

फेरी संपल्यावर ती घामाघूम होऊन पाणी प्यायला आली. आजोबांनी तिची बाटली काढून दिली. एकही हरवली नव्हती.

"पुढच्या वेळी जरा मोठे करा," ती म्हणाली. "मी वाढतेय."

"आधी वाढून दाखव," आजोबा म्हणाले. "कागदावर."