तिसरं पाणी

काशी सकाळी चुलीवरची पेज तशीच ठेवून शाळेच्या मैदानात आली, ती बारा वाजत आले तरी हलली नव्हती. पोकलेनचं तिला नवल नव्हतं. सावर्ड्याकडे हायवे रुंद झाला तेव्हा अख्खे डोंगर पोखरणारे पोकलेन वाडीने पाहिले होते. पण हा क्रशर वेगळाच होता. एका अंगाने त्याच्या तोंडात जुन्या शाळेच्या स्लॅबचे धोंडे घालायचे, आत कडाकडा चावल्याचा आवाज व्हायचा, मधल्या लोहचुंबकाला गंजक्या सळया आपोआप चिकटून बाजूला पडायच्या आणि दुसऱ्या अंगाने पट्ट्यावरून खडी खाली ओतली जायची. मोडलेली वस्तू उकिरड्यावर जाते, एवढंच साठ वर्षांत तिने पाहिलं होतं. मोडलेल्यातून पुन्हा बांधायचं सामान निघतं, हे डोळ्यांनी बघूनही तिला खरं वाटत नव्हतं.

तिने ढिगातला एक खडा उचलला. कडेला जुन्या मालाचा राखी थर, आत काळाभोर काळवथर दगड, आणि एक बाजू तिरकी सुटलेली. असा तिरका घाव वाडीत एकट्या काशीचा असायचा, कारण ती डावरी होती. चाळीसेक वर्षांपूर्वी या शाळेसाठी बायकांनी श्रमदानाने खडी फोडली होती. सायकलच्या टायरची कडी करायची, तिच्यात दगड धरायचा आणि वरून हातोडा, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नसत. काशी तेव्हा वीस वर्षांची, नवी नवरी म्हणा ना. किती पोरांनी या दगडाखाली बाराखडी घोकली, आणि तो आज तसाच्या तसा तिच्या तळहातावर परत आला होता.

आता शाळा पाडायची वेळ का आली, हे वाडीत विचाराल तर शेंबडं पोरही सांगेल, विठूने सिमेंट खाल्लं. विठू म्हणजे काशीचा नवरा, शाळेचा गवंडी. दहा-बारा वर्षांतच स्लॅबच्या सळया फुगल्या, खपल्या पडायला लागल्या, आणि श्रमदानाचे पुढारी बाबू, नात्याने विठूचे धाकटे चुलतभाऊ, यांनी भर सभेत तसं म्हटलं. त्यानंतर विठूला कुणी पडवीची पायरी बांधायलासुद्धा बोलावलं नाही. मुलगा दीपक लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला, तर कंपनीच्या बसमध्ये 'सिमेंटखाऊचा' हे नाव त्याच्या आधी जाऊन बसलेलं. विठू आठ वर्षांपूर्वी गेला, पण नाव काही गेलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. आणि चोर कोण, हे काशीला पक्कं ठाऊक होतं.

शाळेची वाळू खाडीची होती. नदीची वाळू लांबून आणावी लागायची, खाडीची होडीतून आयती यायची. विठूने निक्षून सांगितलं होतं, वाळूला तीन पाणी द्या, तीनदा धुवा, मीठ राहिलं तर ते लोखंड खाईल. देखरेखीला त्याने मुद्दाम स्वतःच्या बायकोला बसवलं, घरचं माणूस हयगय करणार नाही म्हणून. मे महिना होता. विहिरीने तळ गाठलेला, घाटीवरून हंडे चढवताना बायकांच्या माना मोडत होत्या, आणि घरी प्यायला पाणी उरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी काशीच म्हणाली, एक पाणी पुरे. संध्याकाळी विठूने विचारलं तेव्हा तिने तीन सांगितली. बरोबरच्या बायकांनी मिठाची गुळणी धरली, ती कायमचीच.

खपल्या पडायला लागल्यावर विठू एकदा स्लॅबचा एक तुकडा घेऊन घरी आला. तीन पाणी दिली होतीस ना, एवढंच त्याने विचारलं. काशी हो म्हणाली. त्याने तुकडा कोनाड्यात ठेवला आणि मरेपर्यंत पुन्हा तो विषय काढला नाही. त्याला कळलं होतं की नाही, हे काशीला आजही ठाऊक नव्हतं, आणि त्या विचाराने तिची कितीतरी वेळा झोप उडाली होती.

बारा वाजता क्रशर थांबला. उर्वीने सगळ्यांना जवळ बोलावलं. उर्वी ही साइटची इंजिनिअर, रत्नागिरीची मुलगी, वयाने लहान पण कामात चोख. ही खडी नव्या शाळेला वापरायची की नाही, हे तिला आज ठरवायचं होतं. बाबूंनी पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं होतं, की यात सिमेंटच नाही, द्या लोटून पऱ्याच्या पाण्यात. आज दीपकही सुट्टी काढून आला होता. तो गर्दीच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता.

उर्वी म्हणाली, की स्लॅबमधून कापलेले तुकडे रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत यंत्रात दाबून पाहिले, सिमेंट पुरेपूर आहे, गवंड्याने त्यात काटकसर केलेली नाही. काशीने डोळे मिटले. मग उर्वीने सळईजवळचा एक धोंडा फोडून घेतला आणि ताज्या फुटीवर एका बाटलीतलं तपासणीचं पाणी फवारलं. मीठ असेल तर पांढरं होईल, नसेल तर तपकिरी, असं ती सांगतच होती, तोवर त्या राखी दगडावर दुधावर साय धरावी तसा पांढरा थर आला. पुढची माणसं एक पाऊल मागे सरली. चाळीस वर्षं दगडाने पोटात ठेवलेलं, डोळ्याचं पातं लवतंय तोवर वर आलं होतं. काशीला वाटलं, देवळात कौल लागतो तो सुद्धा इतका लख्ख नसतो.

"वाळू धुतलेली नाही," उर्वी म्हणाली. "गवंड्याची हयगय. मी तसं लिहिते."

ती वहीत लिहू लागली. बाबूंनी लगेच मान डोलावली. हे नाही तर ते, खोट विठूचीच, हे त्यांना पुरेसं होतं. दीपकने मान खाली घातली. काशीने ते पाहिलं आणि तिचे पाय आपोआप पुढे झाले.

"बाय, लिवू नको तसं," ती म्हणाली. "ह्यांनी तीन पाणी द्यायला सांगितलंनी. वाळू माज्या ताब्यात होती. मी एकच पाणी दिलं, आन् ह्यांना तीन सांगितली. भावोजी, तुमी ज्याला चोर म्हणलात त्याने कायएक खाल्लं नाय. खोटं बोलले ती मी."

बाबूंनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्याकडे बघितलं, आणि ती हातातच धरून उभे राहिले. उर्वीने लिहिलेली ओळ खोडली. मग ती हळू आवाजात काशीला समजावू लागली, की ही खडी सळयांच्या संगतीला चालणार नाही, पण जमिनीखाली, जिथे लोखंड नाही, तिथे ती उत्तम. नव्या वर्गांच्या लादीखाली हीच भरायची. दगड तर अजून शंभर वर्षं हसत काढील, ती म्हणाली.

काशीने विचारलं, पहिलं घमेलं मी धुऊन देऊ का? उर्वी म्हणाली, धुवायची गरज नाही. पण म्हातारीचा चेहरा बघून तिने टँकरखालची बादली आणि तांब्या पुढे सरकवला.

काशीने घमेलं भरलं. एक तांब्या ओतला, खडी हाताने घोळली, गढूळ पाणी सांडलं. दुसरा ओतला, घोळली, सांडलं. तिसरा भरला आणि तिचा हात हवेतच थांबला. ते पाणी तिला ओतवेना.

गर्दीतून दीपक आला. इतका वेळ त्याने आईकडे बघितलं नव्हतं, आताही बघितलं नाही. तो घमेल्याशी उकिडवा बसला आणि तिच्या हातातला तांब्या त्याने काढून घेतला.

"आये, बाजूला सर," तो म्हणाला. "बाबांचं एक पाणी रायलंय."

त्याने ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. मग घमेलं डोक्यावर घेतलं आणि नव्या शाळेच्या जोत्यात नेऊन ओतलं.