बेअरिंगचं घर

बेकरीतलं पीठ मळायचं मशीन टर्नरने खोललं, तर बेअरिंग नुसत्या बोटाने बाहेर आलं. ते जिथे बसतं ते बिडाचं घर आतून झिजून लंबुळकं झालं होतं. आत पत्र्याची एक पट्टी होती, घासून कागदासारखी झालेली. दुमडलेल्या टोकाला थोडा हिरवा रंग टिकून होता.

टर्नर पालथ्या क्रेटवर बसलाच. हा रंग ताईच्या चहाच्या डब्याचा!

काही वर्षांपूर्वी हेच मशीन ऐन सकाळी अडलं होतं, आणि तेव्हा दाजींकडे धातू कापून गोल करायचं लेथ नव्हतं. दाजींनी घरी जाऊन डबा रिकामा केला नि सैल बेअरिंगभोवती घालायला कापला. "आता चहा काय तुमच्या टोपीत ठेवू?" म्हणत ताईने गल्ली डोक्यावर घेतली होती, आणि मग स्वतःच पट्टी वाकवायला बसली होती.

ताई गेली आणि दाजींनी आपल्याच वर्कशॉपची पायरी चढणं सोडलं.

"घाल की पुन्हा एक पट्टी," बेकरीवाल्या काकू म्हणाल्या.

"नाही काकू, घरच गोल राहिलं नाही. चार दिवसांत बेअरिंग आतल्या आत गरगरेल."

घर आणि पट्टी घेऊन तो दाजींकडे गेला. दाजी पट्टी बोटांत फिरवत राहिले.

"या डब्यावरून शेवटपर्यंत बोलणी खाल्ली मी," ते म्हणाले. "वेळ मारून नेली होती रे. पक्कं करतो म्हणालो, ते राहूनच गेलं."

"मग चला, करू."

"मी कशाला? तुला हात नाहीत?"

"आहेत. पण शिकवलं कोणी?"

"मस्का लावू नकोस, मेहुणेबुवा," म्हणत दाजींनी शर्ट चढवला.

टर्नरने घर लेथवर बांधून झिजलेला भाग गोल कापून काढला. दाजींनी बिडाचा बुश, म्हणजे घरात बसवायचं नवं कडं, बर्फात ठेवला, घर तापवलं. गार बुश तापल्या घरात सरकन गेला आणि निवल्यावर असा आवळला की जणू एकाच ओतकामातला. मग बुश आतून बेअरिंगच्या मापाला आणायचा. पहिल्यांदा बेअरिंग तोंडाशीच अडलं. टर्नरने हातोडी उचलली.

"ठेव खाली! ठोकून बसवलंस तर तापून मरेल. केसभर घे अजून."

टर्नरने बुश आतून आणखी केसभर कापला. दाजींनी बेअरिंग ठेवून तळहाताने दाबलं. ते सावकाश, अंग चोरत आत गेलं आणि बसलं. ना सैल, ना आवळ.

"बस्स," दाजी म्हणाले. हात मात्र त्यांनी तिथून लवकर काढला नाही.

बेकरीत मशीन सुरू झालं, पण नेहमीची खडखड काही ऐकू येईना. काकू कान देऊन म्हणाल्या, "अगंबाई, चालू आहे ना?"

दाजी हसले. "ती असती तर म्हणाली असती, इतकी वर्षं काय झोपला होतात?"

हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. टर्नर उगाचच मशीनच्या मागे जाऊन बोल्ट तपासू लागला.