इरफानभाईची पोळलेली बोटं

माझ्या भावाच्या, म्हणजे इरफानभाईच्या, उजव्या हाताची तीन बोटं गेली सहा वर्षं पट्टीत आहेत. एक बोट बरं होतं तोवर दुसरं पोळतं. नंदुरबारला स्टेशन रस्त्यावर आमचं 'इरफान इलेक्ट्रॉनिक्स' आहे आणि ते दुकान त्या पट्ट्यांवरच चालतं. गिऱ्हाईक बिघडलेला टीव्ही नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येतं. मग भाई सोल्डरिंग आयर्न तापवतो, कुठल्यातरी मेलेल्या बोर्डावर धूर काढून दाखवतो आणि त्या नादात चटका खाऊन 'स्स' करतो. गिऱ्हाईक हळहळतं, बिचारा किती राबतो म्हणतं. ते गेलं की भाई त्याच्या वस्तूतला बोर्ड काढतो, डब्यात घालतो आणि दुपारी जेवायला येताना घरी घेऊन येतो.

घरी तो बोर्ड मी दुरुस्त करते. मी इफ्फत, त्याची धाकटी बहीण. भाई जेवून जरा आडवा होतो, तोवर माझे सोल्डरचे टाके मारून होतात. मग डबा परत जातो आणि संध्याकाळी भाई गिऱ्हाइकाला सांगतो, "फार किचकट काम होतं, बरं का." त्या डब्यावर मी लाल रंगाचा पट्टा मारला आहे, कारण टाक्याच्या कथलात शिसं असतं आणि भाईसाहेबांनी एकदा बोर्ड आणि खिमा एकाच डब्यातून नेण्याचा पराक्रम केला होता.

माझ्या बोटांवर मात्र एक डाग सापडणार नाही. ही करामत अब्बांची. सलाउद्दीन रेडिओवाले म्हणून त्यांनी तीस वर्षं गावाचे रेडिओ बोलते ठेवले. काचबिंदूनं नजर गेली, तेव्हा दुकान भाईला दिलं आणि हुनर मला. मी मारलेला प्रत्येक टाका ते अजून बोटानं चाचपून बघतात, गुळगुळीत नसला तर बोर्ड परत माझ्यापुढे सरकवतात. त्यांचे कायदे मला पाठ आहेत. खिडकी उघडी हवी. केस आणि ओढणी बांधलेली हवी. आयर्न स्टँडवर, नाहीतर हातात, तिसरी जागा नाही. उठायचं तर बटण बंद करून उठायचं, आणि हात धुतल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. सगळ्यात मोठा कायदा ते अजून रोज एकदा तरी म्हणून दाखवतात.

"पडती चीज पडू देवानी, पोरी. झेलानी नही."

तापलेलं आयर्न टेबलावरून घसरलं, की माणसाचा हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्यायला शिकायला मला चार महिने लागले. पण मोहल्ल्यात या शहाणपणाची किंमत शून्य. पोळलेला हात दिसला की लोक कारागीर म्हणतात आणि साफ हात दिसला की रिकामटेकडी म्हणतात. आमची अम्मी, जाहेदा, तर शेजारणींना कौतुकानं सांगते, "मन्ही इफ्फत नाजूक शे, तिले कामनी सवय नही." हे सांगताना ती माझ्याच टेबलाखाली बसून मिरच्यांचे देठ खुडत असते. लोकांना मसाल्यासाठी मिरची खुडून देण्याचा तिचा जोडधंदा आहे. खिडकी एकच, म्हणून माझा धूर आणि तिच्या मिरचीचा खकाणा दोन्ही तिथूनच बाहेर जातात.

अशात माघ महिन्यात नूतन मॅडम उगवल्या. शहाद्याच्या एका संस्थेत त्या काम करतात. प्रकाशा गावच्या अठरा बायकांना घरच्या घरी बल्ब जोडायला शिकवायचं होतं आणि त्यासाठी शिक्षक हवा होता. संस्थेचा अ‍ॅम्प्लिफायर आमच्याकडून दुरुस्त होऊन गेला, तेव्हा बाईंनी झाकण उघडून आत बघितलं. असं बघणारं माणूस हजारात एक असतं. त्या थेट दुकानात आल्या आणि भाईला म्हणाल्या, "हे टाके ज्यानं मारलेत, तोच माणूस मला शिकवायला हवाय."

भाईनं काय केलं असेल? पट्टीवालं बोट छातीवर ठेवलं.

जेवताना त्यानं हे सगळं मिटक्या मारत सांगितलं. मॅडम परवा घरी येणार होत्या. बायका घरी बसून काम करणार, म्हणून शिकवणारा स्वतः घरी कसा काम करतो, ते त्यांना बघायचं होतं. आणि भाईनं दुकानात ऐटीत सांगून ठेवलं होतं की मी तर नाजूक काम घरीच करतो.

"मंग मी जास प्रकाशाले," मी म्हणाले. "टाका तं मन्हाच शे."

भाई हसला. अम्मी चिडली की उर्दूत शिरते. "दिमाग ठिकाने पे है? लडकी जात, एस.टी. में अकेली जाएगी? और लोगों को क्या बोलेंगे, दुकान बेटी चलाती है?"

मला ते काम हवं होतं. अठरा बायका, फळ्यावर माझं नाव आणि पट्टा मारलेल्या डब्यात न लपता माझं काम घराबाहेर पडणं, एवढंच मागणं होतं. मी अब्बांकडे पाहिलं. ते भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिले. मग म्हणाले, "भाईले पाच मिनिट शिकाडी दे, इफ्फत. मॅडमनापुरतं."

सहा वर्षं माझे टाके चाचपणारा माणूस हे म्हणाला. मला त्यांचा फार राग आला, आणि मी मान डोलावली. आमच्या घरात रागाची रीतच तशी आहे.

भाईला मी शिकवलं, म्हणजे सांगितलं. त्यानं ऐकलं, म्हणजे मोबाइल बघत हुं हुं केलं. ठरलेल्या दिवशी दुपारी मी अंघोळ करून आले, तर साहेबांनी खोली सजवून ठेवलेली. टेबल खिडकीपासून उचलून काचेच्या कपाटापुढे नेलं होतं, फोटो चांगला येतो म्हणून. रिक्षांचा आवाज नको, म्हणून खिडकी बंद. तारेचं स्टँड गंजकं दिसतं, म्हणून आयर्न स्टीलच्या ताटलीत ठेवलं होतं. आणि टोक पुसायचा माझा ओला स्पंज जागेवर नव्हताच.

"तो काळा कोळसा ना? फेकी दिना," भाई म्हणाला. "मॅडमसमोर काय गबाळ मांडतस?"

"मंग टोक कसावर पुसशी?"

"तू फक्त चहा लई ये."

मरो ते, असं म्हणून मी चहा करायला गेले. खरं सांगते, भाई तोंडावर आपटला तर आपटू दे, असंही मनात येऊन गेलं.

नूतन मॅडम वेळेवर आल्या. चाळिशीच्या, सुती साडीतल्या, हातात फॉर्मांची फाईल. आधी त्यांची नजर भाईच्या पट्ट्यांवर गेली. "बाप रे, किती सोसलंय तुम्ही!" त्या म्हणाल्या. भाईनं मान खाली घातली, जणू हजहून परत आला होता. अब्बा कोपऱ्यातल्या पलंगावर बसले होते. अम्मीनं मिरच्यांचं टोपलं पलंगाखाली ढकललं होतं, पण हात पुसायचं तिचं ओलं फडकं घाईत टेबलाच्या कडेवरच राहिलं होतं. दिवसभर त्याच फडक्याला ती मिरचीचे हात पुसत असते.

भाईनं आयर्न उचललं, बोर्डाला लावलं, कथलाची तार चिकटवली. टाका म्हणून जे काही जमलं ते बघून मला रडू येईल असं वाटलं. टोकावर काळा गोळा जमला. पुसायला हवा, एवढं त्याला बरोब्बर आठवलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, आणि ते फडकं ओढून तापलेलं टोक त्यावर कचकचून घासलं.

चर्रर्र झालं. नंदुरबारात, मिरचीच्या गावात, जन्मलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मिरचीची वाफ खोलीभर पसरली आणि खिडकी बंद. आधी भाईला ठसका लागला, मग मॅडमना, मग आम्हा सगळ्यांना. भाईच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, आणि त्या पुसायला त्यानं हाताशी होतं तेच फडकं वापरलं! यावर मी काय बोलणार? तो किंचाळत उठला, कोपर ताटलीला लागलं, आयर्न टेबलाच्या कडेवरून घसरलं, आणि माझ्या भावानं ते पडू दिलं नाही. मुठीत पकडलं.

मी आधी प्लग ओढला, मग खिडकी उघडली, मग भाईला दंडाला धरून मोरीत नेलं आणि हात नळाखाली धरला. अम्मी टूथपेस्ट घेऊन धावत आली, तिला मी परत पाठवलं. डोळ्यांवर स्वच्छ पाण्याचे हबके मारले. दारात उभ्या राहून खोकणाऱ्या मॅडमना पाणी दिलं. पंधरावीस मिनिटांनी भाई ओल्या हातानं पलंगावर टेकला, तेव्हा कुठे सगळ्यांना श्वास आला. तळहातावर आडवा लाल पट्टा उमटला होता.

आणि नूतन मॅडमनी पदरानं डोळे टिपत फाईल उघडली. "इरफानभाई, मी बरेच कारागीर बघितलेत," त्या म्हणाल्या. "पण पडणारं आयर्न खाली पडू नये म्हणून हातात झेलणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. हीच तळमळ आमच्या बायकांना शिकवा. पूर्ण नाव सांगा." मग माझ्याकडे वळून हसल्या. "तूही छान धावपळ केलीस हं. हात किती सुंदर आहेत तुझे! मिरचीला शिवत नाहीस वाटतं?"

"मॅडम, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमधले टाके माझे आहेत," मी म्हणाले.

अम्मी आधी सावरली. "ठसका लागना ना तिले, काहीबी बोली ऱ्हायनी."

'इरफान' एवढं लिहून मॅडमचं पेन थांबलं. त्या भाईकडे बघू लागल्या, तर भाईचे डोळे सुजून बंद. मग त्यांनी अब्बांना विचारलं, "चाचा, तुम्हीच सांगा."

अब्बा पलंगावरची चादर सारखी करू लागले. बाहेरून दोन रिक्षा गेल्या. मला कळून चुकलं, आता भाईचं पूर्ण नाव लिहिलं जाणार. मुलगा पोळलेला, दुकान त्याच्या नावाचं आणि बाप आंधळा, आणखी काय हवं? पण अब्बांची मान वळली ती भलतीकडेच.

"झेलं?" त्यांनी विचारलं. "मॅडम म्हनतीस ते खरं शे? इरफाननी पडतं आयर्न झेलं?"

"हो ना," मॅडम कौतुकानं म्हणाल्या.

अब्बांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या थाळीत थुंकलं. त्यांनी हात पुढे केला. "इरफान, हात दे." भाईचा ओला हात त्यांनी एक एक बोट करत चाचपला, पट्ट्या, फोड, तळहातावरचा ताजा चटका. मग सोडून दिला. "हाऊ हात मन्हा शिकाडेल नही." मग मला बोलावलं. माझी दहाही बोटं त्यांनी अंगठ्यानं चाचपली, टाका चाचपतात तशीच. "हाऊ शे मन्हा शागीर्द. टाका इन्हाच शे. सहा वरीस व्हयनात. मॅडम, त्याले नेशात तं अठरा बायास्ले पोळाडशात."

मी रडले. पण डोळे पुसता पुसता मला स्वच्छ दिसत होतं की अब्बा बोलले ते माझ्यासाठी नव्हतं. माझं नाव सहा वर्षं बुडत होतं, तेव्हा ते भाकरी चावत होते. पडतं आयर्न झेलायला शिकवणारा मास्तर मात्र त्यांच्या पचनी पडेना. तरी खरं ते खरंच होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघालं.

मॅडमनी फॉर्मवरचं 'इरफान' खोडलं. कान लाल झाले होते त्यांचे. माझं पूर्ण नाव विचारलं, सोमवारी सकाळच्या एस.टी.नं प्रकाशाला यायला सांगितलं, आणि जाताना माझ्या हातांकडे पुन्हा एकदा बघून गेल्या. या वेळी सुंदर म्हणाल्या नाहीत.

त्या गेल्यावर मी टेबल खिडकीपाशी ओढलं. आयर्न गार झालं होतं, तरी स्टँड शोधून त्यातच ठेवलं. अम्मी फडकं धुवायला गेली. भाई सुजल्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत होता. त्याला माझ्याशी बोलायचं होतं, पण बोर्ड आणि डब्याशिवाय आमच्यात बोलणं झालंच कधी होतं? शेवटी अब्बाच बोलले, हळू आवाजात.

"पोरी, तू गयी तं दुकान पडी जाई. भाईले सांभाळी ले."

सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे दोनदाच काही मागितलं, आणि दोन्ही वेळा भाईसाठी. माझा हात पुढे जाऊ लागला होता, आपोआप. मी तो मागे घेतला.

"अब्बा," मी म्हणाले, "पडती चीज झेलानी नही. तुम्हीच शिकाडं ना?"

मी लाल पट्ट्याचा डबा धुतला, पुसला आणि भाईच्या शेजारी ठेवला.