कातरीन लोपीसचं शेवटचं पाप

दादरच्या माडांच्या वाडीत कातरीन लोपीस राहायची. तिच्याइतकी देवभोळी किरिस्तावीण साऱ्या वाडीत नव्हती, आणि देवाला तिच्याइतका त्रास देणारंही कोणी नव्हतं, असं वरळीच्या रखमा कोळणीचं स्पष्ट मत होतं. रखमा वीसेक वर्षं तिच्या ओटीवर म्हावऱ्याची पाटी उतरवत आली होती, तेव्हा तिला माहीत असणारच.

कातरीनचा नवरा पास्कू ताडी काढायचा आणि काढली की प्यायचा. त्याची ताडी सुटावी म्हणून कातरीननं नऊ दिवसांची प्रार्थना मांडली. नवव्या दिवशी पास्कू माडावरून पडला आणि ताडीसकट सगळंच सुटलं. “ऐकलं गो देवानं,” कातरीन डोळे पुसत म्हणाली, “पण मी एवढं नव्हतं सांगितलं.”

तेव्हापासून तिनं देवाला नेमकं सांगायची सवय लावून घेतली. कोंबडी हरवली की हरवलेलं शोधून देणाऱ्या सांत आंतोनची लाकडी मूर्ती दोरीला उलटी बांधून विहिरीत सोडायची आणि कोंबडी सापडेपर्यंत वर काढायची नाही. एकदा दोरी तुटली. रखमाच्या नवऱ्यानं, विठोबानं, बुडी मारून संत वर काढला. कातरीननं संताला पुसून कोनाड्यात ठेवलं आणि त्यालाच दटावलं, “वेळेवर ऐकलं असतंस तर?”

रखमाची तक्रार नव्हती. शुक्रवारी या लोकांना मटण चालत नाही, मासळी चालते, आणि मटण उपासाचे चाळीस दिवस तर नाहीच. येसूनं उपास केला आणि रखमाच्या गळ्यात सोन्याची पोत आली.

अठराशे सत्त्याण्णवच्या उपासात मात्र गिऱ्हाईकच उरलं नाही. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, दादरात शिरला आणि वाडी रिकामी झाली; कोणी वसईला पळालं, कोणी उत्तनला. कातरीन गेली नाही. “येसूचं देऊळ कोण झाडणार?” म्हणाली. शनिवारी सकाळी रखमा आली तर ती खाटेवर पडलेली, डोळे लाल, काखेत गाठ.

रखमानं वाटेवरच्या गाडीवानाला पाद्रीकडं पिटाळलं आणि उशाशी बसली.

“तू जा,” कातरीन म्हणाली. “लागेल तुला.”

“लागायचं ते वाटेत पण लागंल. गप पड.”

ती गप पडणाऱ्यातली नव्हती. दुपार कलली तरी पाद्री येईना. माणसं मरत होती आणि पाद्री एकटा होता. शेवटी कातरीननं रखमाचा हात धरला.

“पाप सांगायचंय. पाद्री येत नाय, तू ऐक.”

“मी काय करू ऐकून?”

“तुझ्याबद्दलच हाय. तुला पटकी झालेली ती आठवते? माझ्या याच खाटेवर?”

“हां. शुद्धच नव्हती मला.”

“म्हणूनच. तू आता जातेस असं वाटलं, म्हणून मी डोक्यावर पाणी घातलं आणि नाव ठेवलं. रोजालीन.”

रखमाला हसावं की चिडावं कळेना. “म्हंजे इतकी वर्षं मी किरिस्ताव हाय?”

“हाय.”

“आणि मी दर चैतात एकविरेला नारळ फोडते ते?”

“ते तुझं पाप. मी दर शनिवारी तुझ्या वतीनं माफी मागते. गुडघे गेले माझे.”

“पण कशाला गो केलंस?”

कातरीन धापा टाकत म्हणाली, “वर सगळे संत नि पाद्री. पास्कू पोचला असंल असं वाटत नाय. मी बोलू कोणाशी?”

रखमानं तिच्या ओठांना पाणी लावलं. तासाभरानं कातरीन गेली. शेवटपर्यंत ती जपमाळेची प्रार्थना पुटपुटत होती. मधेच थांबून तिनं खिडकीखालच्या मांजरीला रखमाच्या पाटीपासून हाकललं, आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

पाद्री धापा टाकत आला तेव्हा मरणाचं पवित्र तेल लावण्यापुरतंच काम उरलं होतं. ते झाल्यावर रखमानं त्याला सगळं सांगितलं.

पाद्रीनं कपाळावरचा घाम पुसला. “तुझी इच्छा नसताना, शुद्ध नसताना घातलेलं पाणी लागत नाही, बाई. तू पहिल्यासारखी हिंदूच आहेस. काळजी करू नकोस.”

“पण तिला वाटलं ना लागलं म्हणून?”

“तिला वाटलं.”

“मग आता तिकडं जाऊन ती वाट बघत बसंल.”

“तिथे तिला संतांची सोबत आहे,” पाद्री म्हणाला.

“सांत आंतोन तर तिला बघून पळत सुटंल,” रखमा म्हणाली. पाद्री हसला, आणि हसलो म्हणून त्यानं लगेच छातीवर क्रूस काढला.

मूठमाती द्यायला पाद्री, कबर खणणारा आणि रखमा एवढीच माणसं होती. रखमानं दोन मुठी टाकल्या. मग घरी येऊन तिनं विठोबाला ते पाणी लागलंच नव्हतं हे सांगितलं.

“बरं झालं की,” तो जाळं विणत म्हणाला. “सुटलीस.”

“काय बरं झालं?” रखमा त्याच्यावर खेकसली. तिनं पाटी कोपऱ्यात आपटली आणि चुलीकडं तोंड करून बसली. त्या दिवशी विठोबाला स्वतःचा भात स्वतः शिजवावा लागला.