दिवसा पेटवलेला कंदील

मी कंदील. पण थांबा, लगेच काळोखी रात्र आणि माझ्या उजेडात अभ्यास करणारं पोर डोळ्यांपुढे आणू नका. ते कौतुक दुसऱ्या कंदिलांचं. माझ्या आयुष्यातली मोठी कामं भर दुपारी झाली, टळटळीत उन्हात, जिथे माझी ज्योत लोकांना नीट दिसतही नसे.

नवल वाटलं ना? मग अजून एक ऐका. माझ्या दोन्ही अंगांना ज्या वाकड्या नळ्या आहेत, त्या धरायला नाहीत. लोक नेमकं तिथेच धरतात आणि बोटं पोळली की मलाच शिव्या घालतात. अरे बाबांनो, धरायला वर तारेची कडी दिली आहे की! त्या नळ्यांतून ज्योतीला हवा मिळते. मला तेल लागतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हवा लागते हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

मला अकोल्याच्या बाजारातून देवमनबुवांनी आणलं. बाळापूरजवळ त्यांचं गाव, काळीभोर जमीन. घराच्या अंगणात पेव होतं, म्हणजे ज्वारी साठवायची जमिनीतली खोल कोठी. पेव उघडलं की बुवा मला पेटवायचे, दोरीला बांधायचे आणि माणसाच्या आधी आत सोडायचे. मी जळत वर आलो तर ते उतरायचे. विझून वर आलो तर पेव उघडं टाकून खुशाल कडुनिंबाखाली तंबाखू मळत बसायचे. कोंडलेली ज्वारीसुद्धा श्वास घेते आणि आतली चांगली हवा संपवून टाकते. बुवांना हे माहीत होतं, पण माणूस मुलखाचा अबोल.

त्यांच्या मुलाला, खुशालरावाला, ती पेवाची पूजा वाटायची. तो मला हळदकुंकू लावायचा आणि हात जोडायचा. मला वाईट वाटायचं नाही, उलट हसू यायचं. तेव्हा हसायला नको होतं.

कारण विचारलं ते सुनेनं. मैनाबाई लग्न होऊन आली ती 'काहून' हा शब्द ओठांवर घेऊनच. "मामाजी, दिवसाढवळ्या कंदील काहून?" बुवांनी तिला सांगितलं, "हा जिथं जगत नाही, तिथं आपुन जगत नाही, पोरी."

मैनाबाईला असल्या गोष्टींचं भारी वेड. रेडिओवर कान लावून बसायची आणि जे ऐकलं ते गावभर सांगायची. समुद्रात आठ पायांचं एक जनावर आहे, त्याला तीन काळजं असतात. मिरची आपल्या देशातली नाहीच, ती सातासमुद्रापलीकडून आली. यावर एका म्हातारीनं विचारलं होतं, "मंग आपले बापजादे ठेचा कायचा खात होते वं?" हातातली नोट कागदाची नसते, कापसाची असते, हेही तिनंच सांगितलं. पारावर हशा पिकला. एक जण म्हणाला, "मंग आमच्या कापसाच्या नोटा काहून होत नाहीत, वहिनी?" कंदिलाची गोष्टही ती याच ओघात सांगायची. लोक तेवढ्याच मजेनं ऐकायचे आणि विसरायचे.

बुवा गेले. पेव बुजवलं, घरात वीज आली, माझी रवानगी वावरातल्या गुरांच्या कोठ्यात खुंटीवर झाली. गंजत पडलो, पण तक्रार कुणाकडे करणार?

मग ते दोन हजार नऊ साल आलं. पाऊस रुसला, कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढीच राहिली, बोअर आटली. त्या वर्षांत आमच्याकडे विहिरीच्या काठावर कुणी एकटं उभं दिसलं, तरी वाटेनं जाणारा लांबून हाक मारायचा, "काय पाहून राह्यले भाऊ?" उत्तर आल्याशिवाय तो पुढे जात नसे. असे दिवस होते ते.

वावरात एक जुनी विहीर होती. फळ्या टाकून बंद केलेली, आत वर्षानुवर्षांच्या वाळक्या पऱ्हाट्या कुजत पडलेल्या, तळाशी पाणी उपसायची एक जुनी मोटार. मोटार निघाली आणि थोडं पाणी लागलं तर बैल जगतील, एवढीच खुशालरावाची आशा. त्यानं बाळापूरच्या वलीला बोलावलं. वली मोटारपंपाचा मिस्त्री आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं एका ताटात जेवलेले.

फळ्या काढल्या. वली मोटार ओढायचा दोर बांधायला लागला तसा खुशालराव म्हणाला, "थांब वली. आधी कंदील सोडा लागते. बुवाची रीत हाय."

माझा जीव सुपाएवढा झाला. त्यानं मला खुंटीवरून काढलं, हलवलं. तेल नव्हतं, वात वाळून कडक झालेली.

"अरे, राहू दे ते डबडं," वली म्हणाला. "हा पाह्य माझा चार्जिंगचा लाइट. तुह्या कंदिलाच्या दसपट उजेड."

खुशालरावाला ते पटलं. त्यानं मला परत खुंटीवर अडकवलं, त्या लाइटला कुंकू लावलं, हात जोडले आणि लाइट आत सोडला. काय झगझगीत उजेड पडला! तळ दिसला, मोटार दिसली. "बुवाची रीत बी झाली आन तळ बी दिसला," असं म्हणून दोघं हसले. रीत उरली होती, तिचं कारण बुवांबरोबर गेलं होतं. मी खुंटीवरून पाहत होतो. बोंबलून सांगावंसं वाटत होतं, पण माझी वाचा म्हणजे ज्योत, आणि तीच नव्हती.

वली लोखंडी पायऱ्यांनी उतरला.

मैनाबाई भाकरीची टोपली घेऊन आली तेव्हा खुशालराव काठावरून हाका मारत होता. खाली लाइट लख्ख जळत होता आणि त्याच्या उजेडात वली भिंतीला टेकून बसला होता, झोपल्यासारखा. खुशालरावानं चपला भिरकावल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. बाईनं टोपली टाकून त्याचा सदरा धरला.

"कंदील सोडला होता काय?"

"लाइट सोडला न! सोड मले, त्याले चक्कर आली!"

"चक्कर नाही हो, खाली हवा नाही! दम खा जराक. मी कंदील सोडते, तो जळला तर जा, मी अडवत नाही!"

तो थांबला, पण पायरीवरचा पाय काढला नाही. कोठ्यात बाटलीच्या बुडाशी थोडं रॉकेल होतं. तिनं ते मला पाजलं, काडी ओढली. मी पेटलो. काजळी धरत, भडभडत, पण पेटलो. दोरीनं खाली जाताना मी मनात म्हणत होतो, आज तरी जळत राहू दे. अर्ध्याच्या खाली गेलो आणि माझा जीव घुसमटला. मी विझलो. शेजारी तो चार्जिंगचा लाइट तसाच लख्ख.

खुशालरावानं ते पाहिलं आणि पायरीवरचा पाय मागे घेतला. त्या क्षणी त्याला बुवांचं सगळं कळलं.

मैनाबाईनं हाका मारून शेजारच्या वावरातली माणसं गोळा केली. निंबाच्या फांद्या दोरीला बांधून वरखाली केल्या, घागरीनं पाणी ओतलं, आतली हवा हलवली. मी पुन्हा पुन्हा खाली जात होतो, विझून येत होतो. शेवटी जळत वर आलो, तेव्हा खुशालराव कमरेला दोर बांधून उतरला आणि दोस्ताला घेऊन आला. पण फार उशीर झाला होता.

बाळापुरात बातमी पोचली ती वेगळीच, विहिरीत अजून एकानं उडी घेतली म्हणून. वलीची बायको फरजाना दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "उडी नाही मारली त्यायनं. कामाले उतरले होते."

मैनाबाई तिला भेटायला गेली. मला सोबत नेलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. विहिरीत मी कसा विझलो ते तिनं फरजानाला सांगितलं.

"भाभी, तुमाले हे मालूम होतं?"

"होतं."

"त्यायले सांगतलं नव्हतं?"

"सांगतलं होतं," मैनाबाई रडत म्हणाली. "च्या पिता पिता. त्या तीन काळजाच्या जनावराच्या मांगून. ते हासले आन म्हने, भाभी, अजून एक सांगा."

फरजानानं डोळ्यांना ओढणी लावली. "तीन काळजाचं घरी येऊन सांगतलं त्यायनं. नोटेचं बी सांगतलं. कंदिलाचं नाही सांगतलं."

त्या दिवसापासून मैनाबाईचा रेडिओ बंद आहे. खुशालरावाला कळतं की बायकोनं अडवलं म्हणून आपण जिवंत आहोत. कधी कधी मात्र त्याला वाटतं की तिनं अडवलं म्हणून वली गेला. दोघं यावर बोलत नाहीत.

फरजानानं मला मागून घेतलं. तिचा मोठा मुलगा शाकीब आता बापाचं काम करतो, मी त्याच्या मोटारसायकलला लटकून फिरतो. सुरुवातीला तो कुरकुरला, "अम्मी, टॉर्च असताना हे कायले?" ती म्हणाली, "टॉर्चले दम लागत नाही, बेटा. याले लागते."

आता माझं पत्र्याचं बूड झिजलं आहे, काच दोनदा बदलली आहे. जायच्या आधी एवढंच सांगतो. प्रत्येक विषारी हवा मला ओळखता येत नाही, म्हणून नुसतं माझ्या भरवशावर उतरू नका. कमरेला दोर असू द्या, वर माणसं असू द्या. आणि कुणी नवलाची गोष्ट सांगितली तर हसा जरूर, पण 'काहून' एवढं विचारा.

परवा पातूरकडच्या एका विहिरीत मी विझलो. मालक वैतागला, "तेल सरलं असंन, उतर न बाप्पा!" शाकीबनं पाने-पक्कड पिशवीत भरले आणि फोन लावला.

"अम्मी, कंदील विझला. मी वरच हाय."

पलीकडून फरजाना म्हणाली, "बरं. सावलीत बस. भाकर खाऊन घे."